मोडक्या पाकळीचा पलंग

दादा,

गेल्या आठवड्यात तुझं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी आले, येलदरीहून पॉवरहाउसातले तुझ्या बरोबरीचे चार म्हातारे फिटर आले, बोरीतली निम्मी वस्ती मांडवात होती. ज्यानं त्यानं तुझ्याबद्दल दोन शब्द सांगितले. मलाही उभं केलं. चौतीस वर्षं पोरांपुढं तोंड चालवलेली बाई मी, आणि माईक हातात आल्यावर "दादाला जुन्या लोखंडी पलंगांचा लय नाद होता" एवढं बोलून खाली बसले. लोकांना वाटलं, बहिणीचा गळा दाटला. गळा-बिळा काही दाटला नव्हता. जे बोलायला पाहिजे होतं ते चारचौघांत बोलायची माझी छाती झाली नाही, एवढंच.

कारण माझ्याआधी तुझ्या शेजारची गयाबाई बोलून गेली होती. "सुमनबाई व्हत्या म्हणून दादाला येळेवर खाली घेतलं. न्हाईतर पलंगावरच अधांतरी गेला असता माणूस." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. तुझ्या फोटोसमोर, मेणबत्त्या पेटलेल्या असताना, मी चक्क मान हलवली दादा.

म्हणून हे लिहायला बसले. तू वाचणार नाहीस हे कळतं मला, तेवढी अक्कल आहे. तरी तुझ्याशीच बोलते. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते माझी समजूत घालतील, आणि मला समजूत नको आहे.

आधी पलंगांचं बोलू. त्या विषयावर तू मला कधी मध्येच तोडलं नाहीस.

पहिला पलंग तू आणलास तेव्हा मी उन्हाळ्याच्या सुट्टीत येलदरीला तुझ्या क्वार्टरवर आले होते. कुठल्याशा जुन्या बंगल्यातलं सामान विकायला काढलं होतं. तुझ्या सोबतच्यांनी टेबलं नेली, कपाटं नेली, एकानं हा एवढा आरसा नेला. तू काय आणलंस, तर गंजलेला लोखंडी पलंग. एक पाय आखूड, वरून हिरव्या ऑइलपेंटचे लपके. वहिनी दारातच कंबरेवर हात देऊन उभी. "आवं, झोपायला आणलाय का भंगारात घालायला?" तू म्हणालास, "बघायला आणलाय." घ्या! पलंग बघायला आणतात हे आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

मग रोज ड्युटीवरून आलास की तू काचेचा तुकडा घेऊन रंग खरवडत बसायचास. हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली रुपेरी, आणि सगळ्यांच्या बुडाशी काळा. त्या काळ्यावर, उशाकडच्या कमानीला, सुतासारखी बारीक सोनेरी रेघ. मला हाताला धरून ओढत नेलंस. "सुमे, हे बघ. ही मशीनची न्हाई, हातानं मारलेली रेघ हाय. एवढ्या गोल कमानीवरून बरश फिरिवला, आन कुठं हात हालला न्हाई त्याचा." कोण कुठला तो रंगारी, कधीचा मेलेला, आणि तू त्याचं असं कौतुक करत होतास की जसा तो आत चहा पीत बसलाय. मी हसले होते. वहिनी तर कपाळाला हात लावून आत गेली.

रिटायर होऊन बोरीला घर बांधलंस तेव्हा घरापेक्षा पत्र्याची शेड मोठी बांधलीस. अकरा पलंग. माझी काहीही इच्छा नसताना तू मला त्यांची सगळी विद्या शिकवलीस. घडीव लोखंड नखानं वाजवलं तर किणकिणतं, आणि बिडाचं ओतीव फूल ठक्क करून गप्प बसतं. गज कमानीत रिवेट मारून बसवलेले पाहिजेत, वेल्डिंगचा डाग दिसला की तू तोंड फिरवायचास. कोपऱ्यावरचे पितळी लट्टू चिंचेनं घासायचे, कसली पावडर-बिवडर लावायची नाही. मच्छरदाणीचे दांडे हरवले असतील तर नवे बसवायचे नाहीत, नुसती भोकं दिसू द्यायची. "न्हाई ते न्हाई. खोटं कशाला सांगायचं?" म्हणायचास. हे शेवटचं मला आता लय टोचायलंय.

आणि शेडमध्ये कुणीही आलं, भाजीवाली असो की बँकेचा साहेब, तुझं चहाच्या आधी एकच. "टेका की. खाली कामून बसायलाव? एवढे पलंग काय शोभेला मांडलेत?" लोक संकोचायचे. तू खांद्याला धरून बसवायचास.

एवढे पलंग तुला मिळायचे कसे, हे आपल्या भागातल्या माणसाला सांगायला लागत नाही. श्वास लागला, घरघर सुरू झाली की माणसाला पलंगावरून उचलून जमिनीवर घेतात. माणूस अधांतरी जाऊ नये म्हणून. सगळेच घेतात. देव मानणारे घेतात, न मानणारे घेतात, धम्म घेऊन दोन पिढ्या झालेले आपणही घेतो. आणि कुठं वेळ चुकली, पलंगावरच जीव गेला, तर तो पलंग मग घरात ठेवत नाहीत. गोठ्यामागं उभा करतात, आणि भंगारवाल्याची गाडी आली की ढकलून देतात. पाथरीच्या गफूरभाईंच्या भंगाराच्या वखारीत असे किती पलंग यायचे. आणि मी पाथरीत राहते म्हटल्यावर निरोप्या मीच. शाळा सुटली की गफूरभाई गेटापाशी सायकल धरून उभे. "बाई, दादा कू बोलो, एक पलंग आया है." सोबतच्या बाया हसायच्या. मी मान खाली घालून तुला फोन लावायची.

मी तुझ्या एकाही पलंगावर कधी झोपले नाही. बोरीला आले की शेडच्या शेजारच्या खोलीत सतरंजी अंथरायची आणि खालीच आडवी व्हायची.

"शाळंत पोरांना काय शिकिवतीस वं? भुतं नसतात म्हणून?"

"नसतातच. पण मला झोप लागत न्हाई त्याला काय करू?"

"मंग खाली विंचू डसंल."

"डसू दे."

हे भांडण आपण इतकी वर्षं केलं की त्यातला राग निघून गेला होता. भाजी चिरता चिरता, चहा ओतता ओतता आपण ते करायचो. शेवटपर्यंत तू मला त्या पलंगावर बसवू शकला नाहीस, आणि मी तुला पटवू शकले नाही की मला भीती वाटते, खरोखरची वाटते, त्यात मास्तरीण असल्यानं काही फरक पडत नाही.

एक गोष्ट तुला माहीत होती आणि तू कधी काढली नाहीस. मोराचा पलंग. गफूरभाईंनी सांगितलं होतं, "मोर-मोर है उसपे, ऐसा माल फिर नहीं आता." मी तेव्हा कशावरून तरी तुझ्यावर फुगले होते. वहिनीच्या आजारपणात तू पलंगांमागं हिंडतोस म्हणून असेल. मी निरोप दिलाच नाही. पंधरा दिवसांनी तू स्वतः वखारीत गेलास तोवर गॅसकटरनं त्याचे तुकडे झाले होते. गफूरभाईंनी तुला नक्की सांगितलं असणार की बाईंना बोललो होतो. तू त्या दिवशी माझ्याकडं जेवलास, दोनदा वरण मागून घेतलंस, आणि काही बोलला नाहीस. तेव्हा दोन शिव्या हासडल्या असत्यास तर बरं झालं असतं रे. तुझ्या न बोलण्यानं मी सोकावले. वाटलं, दादाचं काय, दादा सोडून देतो.

आता मोडक्या पाकळीच्या पलंगाकडं येते. टाळत होते.

आपल्या आज्याची गोष्ट आपण दोघांनी बाबांच्या तोंडून किती वेळा ऐकली. जुन्या गावच्या मालकांनी हैदराबादेहून पलंग मागवला होता. परभणी टेसनावर उतरला. बाकीचे गज-पट्ट्या बैलगाडीत घातले, पण उशाकडची कमान बिडाच्या फुलांची, गाडीच्या हादऱ्यानं फुटेल, म्हणून ती आज्याच्या डोक्यावर दिली. परभणीपासून गावापर्यंत माणूस डोक्यावर लोखंड घेऊन चालला. गावाजवळच्या ओढ्यात पाय घसरला आणि एका फुलाची एक पाकळी दगडावर आपटून मोडली. त्या पाकळीपायी त्याला दिवसभर उन्हात उभं केलं. मग पलंग जोडायच्या आधी तो घागरी ओतून धुऊन घेतला, कारण आज्याचा हात लागला होता. त्यानंतर उन्हाळ्यात तो पलंग अंगणात निघायचा, मालक त्यावर लोळायचे आणि आजा दहा हातांवर मातीत बसायचा. मरेपर्यंत तो जमिनीवरच झोपला. बाबासुद्धा म्हातारे होईपर्यंत जमिनीवरच.

लोकांना वाटतं तू तो पलंग शोधायलाच या नादाला लागलास. पुण्यानुमोदनातही एकानं तसंच सांगितलं. मला माहीत आहे ते तितकं खरं नाही. तुला आधी ती सोनेरी रेघच आवडली होती. लोखंडाला असं वाकवता येतं, ह्याचंच तुला वेड होतं. पण हेही खरं की कुठलाही पलंग समोर आला की आधी तुझा हात फुलांवरून फिरायचा, एक एक पाकळी मोजत.

आणि तो सापडला. गफूरभाईंच्या वखारीत, मीच निरोप दिलेल्या दिवशी. सूर्यफुलाची सात फुलं, मधल्या फुलाची एक पाकळी नाही. मोडलेल्या जागी गंज चढून जुना झालेला. गफूरभाईंनी गाव सांगितलं, तसा तू तिथंच मातीत बसलास. मी पहिल्यांदा तुला रडताना बघितलं. मालकांच्या घरात कुणीतरी त्यावर गेलं होतं, म्हणून पलंग बाहेर निघाला होता.

तू तो घासून-पुसून येलदरीच्या क्वार्टरात मांडलास आणि बाबांना गावाहून घेऊन आलास. बाबा आले, दस्तीनं पलंगाची पट्टी पुसली, मोडक्या पाकळीवर बोट ठेवलं. तू म्हणालास, "बसा बाबा." बाबा बसले. खाली. पलंगापासून हातभर लांब, भिंतीला टेकून.

"वर बसा की!"

"असू दे लेकरा. मला हितं बरं हाय."

तू बाबांवर ओरडलास. आख्ख्या जन्मात त्यांच्यावर आवाज चढवला नव्हतास, त्या दिवशी ओरडलास. मग तूही त्यांच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसलास आणि दोघं त्या रिकाम्या पलंगाकडं बघत राहिलात. मी हातात चहाचे कप घेऊन तशीच उभी. चहावर साय धरली.

पुढं बाबा आजारी पडले तेव्हा तू त्यांना उचलून त्याच पलंगावर घातलंस. नाही म्हणायचं त्राण नव्हतं त्यांच्यात. आठ-दहा दिवसांनी तक्क्याला टेकून म्हणाले, "लय ऐसपैस हाय रं." तुझं तोंड बघायला पाहिजे होतं तेव्हा! चार महिने ते त्या पलंगावर होते. आणि एका सकाळी, तू पॉवरहाउसात शिफ्टला असताना, त्यांना श्वास लागला. आई होती, काका होते, मी होते. कुणी म्हणालं, खाली घ्या. आम्ही घेतलं. मी पाय धरले होते.

तू डबा घेऊन तसाच धावत आलास. बाबांना सतरंजीवर बघितलंस आणि काही क्षण रडलाच नाहीस. "खाली कोणी घेतलं?" म्हणालास. "चार महिने वर व्हता माझा बाप. मरताना परत खाली घातलात? आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवरच मेली. एकाला तरी वर मरू द्यायचं व्हतं." तू हे माझ्याकडं बघून म्हणालास. काकांकडं नाही, आईकडं नाही. मी शिकलेली होते ना.

म्हणून तर तू वचनही माझ्याकडूनच घेतलंस. वहिनी गेल्यावरची गोष्ट. शेडमध्ये दुपारी आपण तुरीच्या शेंगा सोलत होतो. तू मोडक्या पाकळीच्या पलंगावर, मी खाली पोत्यावर. तू शेंगा सोलता सोलताच म्हणालास, "सुमे, मला खाली घ्यायचं न्हाई."

"बरं."

"बरं न्हाई. वचन दे."

"दिलं बाबा, दिलं! आधी मर तर खरं." आणि मी हसले. तूही हसलास. मी एक शेंग तुला फेकून मारली.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तुला घरी न्यायला सांगितलं, तेव्हा तुझा पलंग समोरच्या खोलीत खिडकीपाशी मांडला. मी पाथरीहून येऊन राहिले. उठून बसायचं असलं की तू उजवा हात मागं नेऊन उशाकडचा पहिला गज धरायचास. नंतर नंतर उठणं बंद झालं, तरी हात तिथंच असायचा. गज धरून झोपायचास. मी म्हणाले, "पळून चाललाय का पलंग?" तर ओठांतल्या ओठांत हसलास. ते तुझं शेवटचं हसू, बहुतेक. मला तेव्हा कळलं नाही तू काय पकडून ठेवलंयस ते.

आता ती दुपार. तुझा विजय पुण्याहून निघाला होता, जालन्यापर्यंत आला होता. चारचा सुमार. तुझा श्वास बदलला. एक घेतलास की दुसरा यायला उशीर लागायचा. गयाबाई आली, तिचा नवरा आला, अजून दोघं-तिघं. गयाबाईनं तुझ्या तळपायाला हात लावला आणि मला म्हणाली, "बाई, खाली घ्या आता. टाइम न्हाई."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. घरात वडीलधारी मीच होते.

त्या घटकेला मला वचन आठवलं नाही, असं मी म्हणू शकते. कोण खोटं पाडणार आहे? पण आठवलं होतं दादा. तुरीच्या शेंगांसकट आठवलं. तोंडात शब्द आला होता, "राहू द्या, त्याला चालत न्हाई." तो गिळला आणि म्हणाले, "घ्या."

गयाबाईच्या नवऱ्यानं खांदे धरले, दुसऱ्यानं पाय. तुला उचललं, आणि तू येईनास. "हात आडकला वाटतं," कुणी म्हणालं. मी वाकून बघितलं. हात अडकला नव्हता. तू गज धरला होतास. डोळे उघडे होते, आणि माझ्याकडं होते. तू मला ओळखत होतास. "सोड दादा," म्हणाले. "सोड की रे." तू सोडेनास. मग मी तुझी बोटं सोडवली. करंगळीपासून. फिटरचा हात तुझा, अंगात काही उरलं नव्हतं तरी त्या बोटांत होतं. एक सोडवलं की दुसरं घट्ट व्हायचं. मला दोन्ही हात लावायला लागले. अंगठा सगळ्यांत शेवटी निघाला.

खाली सतरंजीवर तू आणखी पाव घंटा होतास. माझीच सतरंजी, मी जिच्यावर झोपायची ती. तुझा उजवा हात सतरंजीच्या काठावरून, फरशीवरून, मागं उशाकडं चाचपडत राहिला. "पोराची वाट बघायलेत," गयाबाई म्हणाली. तू पोराची वाट बघत नव्हतास. तू काय शोधत होतास ते त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं, आणि मी तुझ्या तोंडात चमच्यानं पाणी घालत बसले.

मी असं का केलं, हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारतेय. लोकांना भ्याले, हे पहिलं. मास्तरणीनं भावाला पलंगावर मरू दिलं म्हणतील, ह्याला भ्याले. पण त्याच्या खाली अजून एक रंग आहे, तो खरवडल्याशिवाय दिसत नाही. मी पलंगालाच भ्याले. तू गेलास तर त्या पलंगावर नको, मग मला त्याच्याकडं कधी बघताच आलं नसतं. तुझ्या मरणाच्या वेळी मी माझा विचार केला. एवढं सोपं आहे ते, आणि एवढं वाईट.

विजय संध्याकाळी पोचला. रडून झाल्यावर पलंगापाशी जाऊन उभा राहिला. लेकरू आपलं भोळं. म्हणाला, "बरं झालं आत्या, तुम्ही बाबांना वेळेवर खाली घेतलं. आता हा पलंग तरी घरात ठेवता येईल." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

तुला आठवतं का रे, डी.एड.ला परभणीला तू मला सोडायला आला होतास? बाबांचा विरोध होता, पोरीला एवढं लांब नको म्हणून. तू त्यांच्याशी दोन दिवस हुज्जत घातलीस आणि माझी ट्रंक खांद्यावर टाकून निघालास. होस्टेलात लोखंडी कॉट होती. मी जन्मात कधी खाटेवर झोपले नव्हते, काठावर अवघडून बसले. तू बाकीच्या पोरींसमोर खुशाल कॉटखाली शिरलास, खिशातून पाना काढलास, आणि ढिला नट आवळलास. बाहेर येऊन कॉट गदागदा हलवून बघितलीस. "आता हालणार न्हाई. बिनधास्त झोप." केसांना जाळी लागली होती तुझ्या. पोरी खिदळत होत्या आणि मला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. मला जमिनीवरून उचलून वर बसवणारा माणूस तू होतास दादा. मी नोकरीला लागले, घर केलं, चार माणसांत मान मिळाला, तो त्या दिवसापासून. हे तुला मी एकदाही म्हणाले नाही. निदान शेंगा सोलताना तरी म्हणायला पाहिजे होतं.

दहा पलंग विजय पुण्याला कुणा हौशी माणसाला देणार आहे. मी सांगितलं, वेल्डिंग करणाऱ्याला देऊ नको. हा अकरावा मी मागून घेतला. गफूरभाई आता थकलेत, तरी स्वतः टेंपो घेऊन आले, गज उतरवताना लेकराला उचलावं तसं उचलत होते. पाथरीला माझ्या खोलीत तो जोडून दिला आणि जाताना म्हणाले, "बाई, दादा रहते तो पहले बोलते, बैठो."

चार दिवस मी त्याच्या शेजारी सतरंजीवरच झोपले. काल जेवणं झाल्यावर, दुपारचं, सुनेला हाक मारली. माधुरी आली, ओले हात पदराला पुसत. म्हटलं, "माझं एक ऐक. माझी वेळ आली की मला ह्या पलंगावरून खाली घ्यायचं न्हाई. कोणी कितीही म्हणलं तरी. वचन दे."

ती हसली. "दिलं आई, दिलं! काहीतरीच तुमचं." आणि गॅसवर दूध ठेवलंय म्हणून पळाली.

अगदी माझ्यासारखी हसली दादा.

मग मी पलंगावर चढले. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या पलंगावर. पट्ट्या जराशा कुरकुरल्या, मग गप्प झाल्या. बाबा म्हणाले होते तसा लय ऐसपैस आहे. आडवी झाले, आणि उजवा हात मागं नेला. पहिल्या गजावर एका जागी रंग गेलाय, चार बोटं मावतील एवढा. तिथं बरोबर माझी बोटं बसली. घट्ट धरला. मनात म्हणाले, हिनं वचन मोडलं तर मोडू दे, कुणी खाली घ्यायला आलं तरी मी हा गज सोडणार नाही.

पण तूही सोडला नव्हतास दादा. मी सोडवला होता.